कूड आणि परतीची वाट

जुन्या करारातील तोबीतच्या पुस्तकात एक हृदयस्पर्शी प्रसंग आहे. दूर मेदिया देशी ठेवलेले पैसे आणण्यास तोबिया जातो. वाटेत त्याचा विवाह होतो आणि परतण्यास विलंब लागतो. इकडे वृद्ध पिता दिवस मोजत राहतो, तर माता अन्ना रोज रस्त्याकडे डोळे लावून बसते. हा प्रसंग वाचताना आम्हांस आपल्याच किनाऱ्यावरील एक इतिहास आठवतो. गोव्याच्या 'तारवटीं'चा, म्हणजे आगबोटींवर नोकरी करणाऱ्यांचा, आणि मुंबईतील त्यांच्या 'कुडीं'चा तो इतिहास होय.

एकोणिसाव्या शतकात गोव्यातील शेती कुटुंबाला पुरेनाशी झाली आणि तरुण मुंबईच्या वाटेला लागले. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला, पी. अँड ओ., ब्रिटिश इंडिया अशा कंपन्यांच्या आगबोटींची ये-जा वाढली. गोव्याच्या ख्रिस्ती तरुणांना त्यांवर प्रामुख्याने स्वयंपाक आणि प्रवाशांच्या सेवेचे काम मिळे. गोमांस अथवा डुकराचे मांस शिजविण्यास व वाढण्यास त्यांना धर्माची आडकाठी नव्हती, हे त्याचे एक कारण. करार मुंबईत होई आणि संपेही मुंबईतच. पुढील बोट मिळेपर्यंत कित्येकदा महिनोन्महिने थांबावे लागे. त्या काळात राहावे कोठे?

यावर उत्तर शोधले ते गावांनीच. एकेका गावच्या लोकांनी वर्गणी काढून खोली घेतली. तीच कूड. धोबीतलावच्या जेर महालात अशा अनेक कुडी नांदल्या. प्रत्येकाला मिळे ते एवढेच: पेटी ठेवण्यापुरती जागा आणि रात्री अंग टाकण्यापुरती जमीन. मात्र भिंतीशी गावच्या आश्रयदात्या संताची वेदी असे. सायंकाळी सर्वांनी मिळून रोझरी म्हणावी, असा नियम असे. गावचे फेस्त कुडीतही साजरे होई. गाव दूर होते. परंतु गावाची प्रार्थना दूर नव्हती.

आम्हांस येथे एक गोष्ट विशेष वाटते. कूड ही पुरुषांची वसती होती. बायकामुलांचा संसार तेथे थाटावयाचा नव्हता. ती घर नव्हती, घरी जाणाऱ्यांचा थांबा होती. बंद पेटी ही जणू परत जाण्याची प्रतिज्ञाच. बोट सुटली की मुंबईहून रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला करीत पणजी गाठावयाची. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. मग पुण्याहून लोंढा, कॅसलरॉक, कुळे असा आगगाडीचा फेरा घ्यावा लागे.

आणि एकदा हा फेराही बंद झाला. गोवामुक्तीच्या लढ्यात भारत सरकारने १९५४ पासून पोर्तुगीज राजवटीवर आर्थिक निर्बंध लादले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्यानंतर राजनैतिक संबंध तुटले, सरहद्दीवरील रेल्वेवाहतूक थांबली, मुंबईहून घरी पैसे धाडणे दुरापास्त झाले. मुक्तीची मागणी न्याय्य होती, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु तिची किंमत सत्याग्रहींबरोबर घराघरांतील मातांनीही मोजली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि मधली सरहद्द मिटली.

तारवटींच्या पैशातून गावात घरे उभी राहिली, मुले शिकली, चर्चला देणग्या मिळाल्या. हे आपण अभिमानाने सांगतो. त्या घरांत बापाची आणि आईची अशी दुहेरी जबाबदारी एकटीने वाहणाऱ्या स्त्रीविषयी मात्र आपण फार थोडे लिहिले आहे. अन्नाप्रमाणे तीही रस्त्याकडे पाहत होती. फरक इतकाच की, तिची वाट आयुष्यभर पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होई.

आजही आपल्या धर्मग्रामांतील कुणी जहाजावर आहे, कुणी आखातात आहे. कूड विरळ झाली. पेटीच्या जागी बॅग आली. समुद्रतारा मरियेकडे आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करतोच. रोझरीच्या अखेरीस एक 'नमो मरिया' वाट पाहणाऱ्यांसाठीही म्हणू या.