तोतरेपणा आणि बालसाहित्य

शब्द ठाऊक असतो, मात्र ओठांवर येता येता तो अडतो. या अवस्थेस तोतरेपणा म्हणतात. बोबडेपणा निराळा, त्यात उच्चार बदलतो, तर तोतरेपणात तो अडकतो, लांबतो किंवा त्याची पुनरावृत्ती होते. सुमारे पाच टक्के मुले बालपणी केव्हातरी अशी अडखळतात. बहुतेकांचे अडखळणे कालांतराने थांबते. सुमारे एक टक्का व्यक्तींत ते पुढेही राहते. बुद्धिमत्तेशी त्याचा संबंध नाही.

तरीही तोतऱ्या पात्राचा उपयोग बहुधा हशा पिकवण्यासाठीच झाला. १९३५ साली पडद्यावर आलेले 'पोर्की पिग' हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. एकविसाव्या शतकातील काही बालपुस्तकांनी मात्र अशा मुलालाच निवेदक केले.

अमेरिकी लेखक व्हिन्स व्हॉटर स्वतः तोतरेपणा अनुभवलेले. त्यांच्या 'पेपरबॉय' (२०१३) या कादंबरीत अकरा वर्षांचा मुलगा १९५९च्या उन्हाळ्यात मेम्फिस शहरात मित्राच्या बदली घरोघरी वृत्तपत्रे टाकतो. स्वतःचे नाव उच्चारणे त्याला कठीण जाते. टंकलेखन यंत्रावर मात्र त्याची भाषा अडत नाही. थांबण्याचा इतका धसका, की लिहिताना तो स्वल्पविरामही टाळतो. या कादंबरीस २०१४ मध्ये 'न्यूबेरी ऑनर' सन्मान लाभला.

कॅनडाचे कवी जॉर्डन स्कॉट यांनी 'आय टॉक लाइक अ रिव्हर' (२०२०) हे चित्रपुस्तक स्वानुभवातून लिहिले. चित्रे सिडनी स्मिथ यांची. वर्गात बोलू न शकलेल्या मुलाला वडील नदीकाठी नेतात. पाणीही भोवऱ्यात फिरते, खडकांवर आदळते, आणि तरीही वाहते, हे तेथे त्याला उमगते. हेलन रटर यांच्या 'द बॉय हू मेड एव्हरीवन लाफ' (२०२१) मधील बिली प्लिम्टनला तर विनोदवीर व्हायचे आहे. येथे हशा तो स्वतः मिळवू पाहतो.

तोतरेपणा चमत्काराने नाहीसा होणे, हा या कथांचा शेवट नव्हे. मूल अडखळतच बोलते आणि ऐकणारे थांबून ऐकू लागतात.

हजेरीला 'हजर' म्हणताना अडखळणारे मूल मुंबईच्या शाळेत असते, तसे हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूरच्या शाळेतही असू शकते. वर्ग हसतो की वाट पाहतो, यावर ते मूल पुन्हा हात वर करणार की नाही, हे पुष्कळदा ठरते.