तांब्याच्या तारांची निवृत्ती : पूर्वसूचना कोणास?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील दूरध्वनीविषयक कायद्यात ‘अनुज्ञा’ आणि ‘सूचना’ या भिन्न संज्ञा आहेत. १९३४ च्या दळणवळण अधिनियमाच्या २१४ व्या कलमात १९४३ साली भर पडली, आणि एखाद्या वस्तीची सेवा बंद करण्यापूर्वी संघीय दळणवळण आयोगाची अनुज्ञा घेणे कंपनीस आवश्यक झाले. सेवा चालू ठेवून केवळ जाळ्यात करावयाच्या फेरफारांसाठी १९९६ च्या दूरसंचार अधिनियमाने जुन्या स्थानिक कंपन्यांवर ‘वाजवी जाहीर सूचने’चे कर्तव्य घातले. २००३ मध्ये तांब्याच्या ग्राहकतारा काढून काचतंतू घालण्यासही हे बंधन लागू झाले. मात्र ही सूचना मुख्यतः त्या जाळ्याशी जोडलेल्या प्रतिस्पर्धी कंपन्यांकरिता होती.

येथेच विसंगती होती. तार बदलली तरी सेवेचे नाव तेच राहते. परंतु तांब्याच्या तारेस विद्युत्पुरवठा दूरध्वनी केंद्रातून होत असल्याने घरची वीज गेली तरी साधा दूरध्वनी चालतो. काचतंतूवर त्यासाठी घरी विद्युत्घट ठेवावा लागतो. म्हणजे बदलाचा परिणाम ज्याच्या घरात, तोच सूचनेच्या कक्षेबाहेर.

२०१५ साली आयोगाने जोडलेल्या कंपन्यांसाठी किमान १८० दिवसांची मुदत ठरविली आणि ज्यांच्या तारा बदलावयाच्या त्या निवासी ग्राहकांसही किमान ९० दिवस आधी कळविण्याचा दंडक घातला. नोव्हेंबर २०१७ मध्ये आयोगानेच ग्राहकांविषयीची अट रद्द केली व कंपन्यांसाठीची मुदत ९० दिवसांवर आणली. अधिनियमातील ‘जाहीर’ हा शब्द मात्र या दोन्ही वेळी जसाच्या तसा होता. बदलला तो त्याचा श्रोता.