कान कोरडा झाला, पुढे काय?

‘कान फुटलाय’ हे आपल्याकडे सर्दी-पडशाच्या सुरात सांगतात. कापसाचा बोळा घालायचा, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, झालं. पण वर्षानुवर्षं वाहणारा कान जीवही घेऊ शकतो, कारण मधल्या कानाच्या वरच्या पातळ हाडापलीकडे थेट मेंदू आहे.

कानामागचं हाड कोरून पू काढायचं धाडस अठराव्या शतकातच काही सर्जननी केलं होतं. मग १७९१ मध्ये डेन्मार्कच्या राजाचे डॉक्टर फॉन बेर्गर यांनी ते ऑपरेशन स्वतःवर करून घेतलं. तेही पुवासाठी नाही. ऐकू कमी यायचं आणि कानात आवाज यायचा म्हणून! मेंदूच्या आवरणाला संसर्ग होऊन ते गेले आणि ऑपरेशन असं बदनाम झालं की कित्येक दशकं सर्जन त्यापासून लांबच राहिले. १८७३ मध्ये जर्मनीतल्या हाले शहरात श्वार्ट्झे आणि आयसेल यांनी ते कधी आणि कसं करायचं हे नीट मांडलं, तेव्हा कुठे ते परत आलं.

त्या शतकाच्या शेवटी आलं ‘रॅडिकल’ ऑपरेशन. पडदा, आतली हाडं, कानाच्या नळीची मागची भिंत, सगळं काढून एक मोठी पोकळी करायची. जीव वाचायचा. पण ऐकू आणखी कमी यायचं, पोकळी डॉक्टरकडून पुन्हा पुन्हा साफ करून घ्यावी लागायची, आणि गार पाणी आत गेलं तर चक्कर! आमच्या भाषेत सांगायचं तर बग बंद केला, युजरला कुणी विचारलंच नाही.

१९५०च्या दशकात वुलस्टाइन आणि त्सोलनर या दोन जर्मन सर्जननी पडदा परत बांधायचं तंत्र रुजवलं. सोबतीला ऑपरेशनचा मायक्रोस्कोप होता. आता ऐकू येणंही मोजलं जाऊ लागलं, पण तेही मशीनवर, डेसिबलमध्ये.

खुद्द पेशंटला विचारणारी एक छोटी प्रश्नावली अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झाली, ‘क्रॉनिक इअर सर्व्हे’. तेरा प्रश्न. कान किती वाहतो, दुखतो का, डॉक्टरकडे किती खेपा होतात, चारचौघांत जाणं टाळता का. आणि हो, पोहताना-अंघोळ करताना कान जपावा लागतो का.

माझ्या मावशीचं ऑपरेशन कागदोपत्री ‘यशस्वी’ आहे. हा शेवटचा प्रश्न मी तिला फोनवर विचारला. “हे मला कुणी विचारलंच नव्हतं रे,” म्हणाली, आणि पुढची वीस मिनिटं फक्त केस धुण्याबद्दल बोलली.