दीडशे पौंडांची महत्त्वाकांक्षा

मुलींचं 'डाएट' हे टीव्ही आणि मोबाईलनं आणलेलं खूळ, असं आपण सगळेच म्हणतो. पण हे प्रकरण चांगलं शंभर वर्षांचं आहे. मार्गारेट लो या इतिहासकार बाईंचं 'लुकिंग गुड' (२००३) हे पुस्तक वाचताना ते कळलं, आणि खरं सांगते, दोन दिवस डोक्यातून जाईना.

गोष्ट आहे अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजची. मॅसॅच्युसेट्समधलं हे मुलींचं कॉलेज १८७५ साली सुरू झालं. मुलींनी इतकं शिकावं का, यावर तेव्हा तिथंही वाद पेटला होता. दोनच वर्षं आधी, १८७३ मध्ये, डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी पुस्तक लिहून ठोकून दिलं होतं की फार अभ्यासानं मुलींची शक्ती मेंदूकडे जाते आणि गर्भाशय दुबळं राहतं. (आपल्याकडे शिकणाऱ्या मुलींबद्दल काय कमी बोललं गेलं? असो.) म्हणजे कॉलेजात मुलगी वाळली, की टीकाकारांना आयता पुरावा! म्हणून मुली घरच्या पत्रांत वजन वाढल्याची बातमी अभिमानानं देत. एकीनं तर दीडशे पौंड, म्हणजे अडुसष्ट किलो, गाठायची महत्त्वाकांक्षा असल्याचं कळवलं होतं. खोल्यांमधून मैत्रिणींचे फराळ रंगत. फज ही वडीसारखी मिठाई तर अशा कॉलेजांतल्या मुलींनीच लोकप्रिय केली. मुलींच्या बास्केटबॉलचा एक अगदी सुरुवातीचा सामनाही १८९३ मध्ये स्मिथमध्ये झाला.

मग पहिलं महायुद्ध झालं. केस कापले गेले, झगे आखूड आणि सरळसोट झाले. १९१८ मध्ये डॉ. लुलू हंट पीटर्स यांचं आहारावरचं पुस्तक आलं आणि पोळी-भाकरीऐवजी कॅलरी मोजायची भाषा घरोघर पोचली.

पण झगे आणि पुस्तकं तर साऱ्या देशात होती. वसतिगृहात त्यांचा जोर वाढला तो मैत्रिणींमुळे, असं मला वाटतं. स्मिथमध्ये मुली एका मोठ्या इमारतीत कोंबलेल्या नसत, लहान लहान घरांतून राहत, आणि प्रत्येक घराची जेवणाची खोली वेगळी. रोज त्याच चेहऱ्यांसमोर जेवायचं. कोणी काय वाढून घेतलं, कोणी काय टाकलं, सगळं दिसणार. ज्या टेबलावर आधी भूक लागण्याचं कौतुक होतं, तिथंच आता न खाण्याचं होऊ लागलं. माझी नात वसतिगृहात असते. ती म्हणते, "आजी, आई दहादा 'खा' म्हणाली तरी मी ऐकत नाही, पण मैत्रीण नुसतं 'एवढं?' म्हणाली की ताट बाजूला!" शाळेत तीसेक वर्षं मुली पाहिल्यात, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

मला सगळ्यात भावलं ते पुढचं. १९२४ मध्ये स्मिथच्या कॉलेज साप्ताहिकात एक पत्र छापून आलं. शीर्षकात हॅम्लेटच्या प्रसिद्ध वाक्यावर कोटी केलेली. आशय असा, की हे कडक उपास वेळीच आवरले नाहीत, तर आपलं कॉलेज सडपातळ बांध्यांसाठी नव्हे, ओढलेल्या चेहऱ्यांसाठी आणि निस्तेज डोळ्यांसाठी बदनाम होईल. लिहिणारं कोण? डॉक्टर नाहीत, प्राध्यापक नाहीत, पालक नाहीत. तिथल्याच विद्यार्थिनी!

त्याच वर्षी अमेरिकेत सर्वाधिक खपलेल्या पुस्तकांत पीटर्सबाईंचं पुस्तक होतं.