आरसिंक म्हणजे काय? फाइल्सची दुसरी प्रत कशी ठेवावी आणि कोणत्या चुका टाळाव्यात

आरसिंक हा एका फोल्डरमधील फाइल्स दुसऱ्या फोल्डरमध्ये, दुसऱ्या डिस्कवर किंवा दूरच्या सर्व्हरवर जशाच्या तशा उतरवणारा मोफत प्रोग्राम आहे. त्याला बटणे किंवा चित्रे नाहीत. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत कमांड टाइप करून तो चालवावा लागतो. दुसऱ्यांदा चालवल्यावर तो सगळे पुन्हा पाठवत नाही, मधल्या काळात जे नवीन आले किंवा बदलले तेवढेच पाठवतो. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी तो तयार केला आणि १९ जून १९९६ रोजी जाहीर केला. दोघेही तेव्हा ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत होते. आज जगभरातील सर्व्हर सांभाळणारे लोक तो रोज वापरतात.

याची गरज कुणाला?

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट हे वणा नदीकाठचे कापसाच्या बाजारपेठेचे गाव. जुलै २०२२ मधील पुरात नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. अशा वेळी माणसे बाहेर पडतात, कपाटे वर उचलली जातात, पण टेबलाखालचा संगणक बहुधा तिथेच राहतो. फोटो स्टुडिओतील लग्नांचे फोटो, अडत्याचे हिशेब, शिकवणी वर्गाच्या नोट्स हे सगळे एकाच डिस्कवर असेल तर डिस्कबरोबर तेही जाते. पूर नसला तरी डिस्क बंद पडते, लॅपटॉप चोरीला जातो किंवा चुकीचे फोल्डर डिलीट होते.

उपाय साधा आहे : दुसरी प्रत दुसऱ्या जागी ठेवणे. पण तो रोज करायचा कंटाळा येतो, कारण कॉपी-पेस्टला वेळ लागतो. समजा, स्टुडिओकडे ४० जीबी फोटो आहेत आणि इंटरनेटचा अपलोड वेग २० एमबीपीएस आहे. सगळे फोटो सर्व्हरवर चढवायला सुमारे साडेचार तास लागतील. पण आज फक्त २०० एमबीचे नवे फोटो आले असतील, तर आरसिंक तेवढेच पाठवतो आणि काम साधारण दीड मिनिटात होते.

आरसिंक बदल कसा ओळखतो?

आधी तो दोन्हीकडच्या फाइलचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ पाहतो. दोन्ही जुळले तर ती फाइल सोडून देतो. जुळले नाही तर ती पाठवतो, आणि सर्व्हरशी काम चालू असेल तर इथेही बचत करतो. सर्व्हर आपल्याकडच्या जुन्या फाइलचे तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्याची लहानशी खूण काढतो आणि त्या खुणांची यादी पाठवतो. इकडचा संगणक नव्या फाइलमध्ये तेच तुकडे शोधतो आणि जे सापडत नाहीत तेवढेच पाठवतो. बाकीचे तुकडे सर्व्हर आपल्या जुन्या फाइलमधून उचलून नवी फाइल जोडतो.

हिशेबाच्या मोठ्या फाइलमध्ये चार नोंदी वाढल्या असतील तर याचा खूप फायदा होतो. जेपेग फोटो एडिट करून सेव्ह केला की मात्र आतली जवळपास सगळी माहिती बदलते, म्हणून तिथे अख्खी फाइलच जाते.

इन्स्टॉल कसे करावे?

* लिनक्स : बहुतेक ठिकाणी आधीच असतो. नसेल तर उबंटूवर "सुडो एपीटी इन्स्टॉल आरसिंक" ही कमांड द्यावी.
* मॅक : टर्मिनल उघडले की तयार मिळतो.
* विंडोज १० व ११ : पॉवरशेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून "डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल" द्यावे. संगणक पुन्हा सुरू केल्यावर विंडोजच्या आतच उबंटू मिळते. त्यात वरची लिनक्सची कमांड चालते. विंडोजची सी ड्राइव्ह तिथे "/एमएनटी/सी" या पत्त्यावर दिसते.
* अँड्रॉइड फोन : टरमक्स या ॲपमध्ये "पीकेजी इन्स्टॉल आरसिंक" द्यावे. फोनमधील फोटो दिसण्यासाठी आधी "टरमक्स-सेटअप-स्टोरेज" ही कमांड देऊन परवानगी द्यावी लागते.

या लेखातील कमांड उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरे आणि इंग्रजी अंक वापरावेत. प्रोग्रामचे नाव आर, एस, वाय, एन, सी या पाच अक्षरांचे आहे. फोल्डरचे नाव मराठीत असले तरी चालते. नावात मोकळी जागा असेल तर नाव अवतरण चिन्हांत घालावे.

पहिली कमांड

संगणकावर "फोटो" नावाचे फोल्डर आहे आणि त्याची प्रत "प्रत" नावाच्या फोल्डरमध्ये हवी आहे :

आरसिंक -एव्ही फोटो/ प्रत/

क्रम नेहमी "कुठून" आणि मग "कुठे" असाच असतो. "ए" म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरसह, वेळ आणि परवानग्या कायम ठेवून. "व्ही" म्हणजे काय चालले आहे ते दाखवत. प्रत्यक्ष काही न करता नुसती यादी पाहायची असेल तर "एन" जोडावा :

आरसिंक -एव्हीएन फोटो/ प्रत/

याला ड्राय-रन म्हणतात. नवी कमांड आधी अशी चालवून यादी वाचावी आणि मगच "एन" काढावा. आरसिंक शिकताना लावायची ही सर्वात महत्त्वाची सवय आहे.

पेनड्राइव्ह एफएटी३२ प्रकारचा असेल तर "-एव्ही"ऐवजी "-आरटीव्ही" वापरावे, कारण त्यावर फाइलचा मालक आणि परवानग्या साठवता येत नाहीत. त्याची वेळही दोन सेकंदांच्या टप्प्यांनी नोंदली जाते, त्यामुळे न बदललेल्या फाइल्स पुन्हा पुन्हा जाऊ शकतात. "--मॉडिफाय-विंडो=१" जोडल्यास हा त्रास थांबतो.

एका स्लॅशने काय बिघडते?

"फोटो/" असे शेवटी स्लॅश देऊन लिहिले तर फोल्डरच्या आतला ऐवज जातो. स्लॅशशिवाय "फोटो" लिहिले तर ते फोल्डरच उचलून "प्रत"च्या आत ठेवले जाते, म्हणजे "प्रत/फोटो" तयार होते. एक दिवस स्लॅश दिला आणि दुसऱ्या दिवशी विसरला, तर एकाच डिस्कवर दोन प्रती होतात आणि जागा भरते. हा नियम फक्त पहिल्या म्हणजे "कुठून" या पत्त्याला लागू आहे.

सर्व्हरवर प्रत कशी पाठवावी?

त्यासाठी सर्व्हरवरही आरसिंक असावा लागतो आणि एसएसएच या सुरक्षित मार्गाने लॉगइन करता यायला हवे. सर्व्हरचा पत्ता तीन भागांत लिहितात : वापरकर्त्याचे नाव, मग ॲट चिन्ह आणि सर्व्हरचे नाव, त्यानंतर विसर्गासारखे दोन टिंब म्हणजे कोलन आणि फोल्डर :

आरसिंक -एव्हीपी फोटो/ नाव@सर्व्हर:प्रत/

यातील "पी" हे अक्षर मोठे हवे. त्यामुळे किती टक्के काम झाले ते दिसते, आणि मध्येच लाइट गेली तर अर्धवट गेलेली फाइल टिकते. पुढच्या वेळी तिचा उपयोग होतो. छोट्या "पी"चा अर्थ वेगळा आहे. मजकुराच्या फाइल्स असतील तर "झेड" जोडून त्या दाबून पाठवता येतात. फोटो आणि व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, तिथे "झेड"चा फारसा उपयोग नाही.

कोलन विसरला तर आरसिंक तक्रार करत नाही. तो आपल्याच संगणकावर त्या नावाचे फोल्डर तयार करून तिथे प्रत ठेवतो, आणि फाइल्स सर्व्हरवर गेल्या असा समज होतो.

दर वेळी पासवर्ड टाइप करायचा नसेल तर "एसएसएच-कीजेन" या कमांडने किल्ल्यांची जोडी तयार करावी आणि "एसएसएच-कॉपी-आयडी नाव@सर्व्हर" या कमांडने त्यातील सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवावी. खासगी किल्ली कुणालाही पाठवू नये, व्हॉट्सॲपवर तर नाहीच.

सर्वात धोक्याचा पर्याय

साध्या आरसिंकमध्ये मूळ फोल्डरमधून काढलेली फाइल प्रतीत तशीच राहते. दोन्हीकडे तंतोतंत सारखे हवे असेल तर "--डिलीट" हा पर्याय देतात. मग मूळ जागी जे नाही, ते प्रतीतूनही पुसले जाते.

अपघात इथेच होतात. "कुठून" आणि "कुठे" यांची अदलाबदल झाली तर रिकाम्या नव्या डिस्कप्रमाणे मूळ फोल्डरच रिकामे होते. बाहेरची डिस्क जोडायची राहिली आणि तिच्या जागी नुसते रिकामे फोल्डर असले, तरी आरसिंकला वाटते की सगळ्या फाइल्स मुद्दाम काढल्या आहेत. तो प्रत पुसून टाकतो. या फाइल्स रीसायकल बिनमध्ये जात नाहीत.

म्हणून "--डिलीट" देण्याआधी दर वेळी ड्राय-रन करावा. यादीत "डिलीटिंग" शब्दाच्या ओळी अपेक्षेपेक्षा जास्त दिसल्या तर थांबावे. "--मॅक्स-डिलीट=५०" दिल्यास एका वेळी पन्नासपेक्षा जास्त फाइल्स पुसल्या जात नाहीत. सवय होईपर्यंत "--डिलीट" न वापरणे सर्वात चांगले; थोडी जागा जास्त लागेल इतकेच.

रोज आपोआप कसे चालवावे?

लिनक्स आणि मॅकवर "क्रॉनटॅब -ई" उघडून एक ओळ लिहावी. सुरुवातीला "३० १९ * * *" आणि पुढे आरसिंकची कमांड लिहिली, तर ती रोज संध्याकाळी साडेसातला चालते. पहिला आकडा मिनिटांचा, दुसरा तासाचा. फोल्डरचे पत्ते पूर्ण लिहावेत. त्या वेळी पासवर्ड टाइप करायला कुणी नसते, त्यामुळे किल्ली आधी बसवलेली हवी. संगणक बंद असेल तर ते काम तेव्हा होत नाही. म्हणून दुकान उघडे असतानाची वेळ निवडावी.

सिंक केले म्हणजे बॅकअप झाला का?

पूर्णपणे नाही. सिंक चांगला बदल आणि वाईट बदल यांत फरक करत नाही. व्हायरसने फाइल्स बिघडवल्या किंवा चुकून वेगळाच मजकूर सेव्ह झाला, तर संध्याकाळी तोच बिघाड प्रतीतही जातो. यावर उपाय म्हणून तारखेनुसार वेगळी फोल्डर ठेवतात. "--लिंक-डेस्ट" या पर्यायाला कालच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता दिला, की न बदललेल्या फाइल्स नव्याने जागा न घेता आजच्या फोल्डरमध्येही दिसतात. एफएटी३२ आणि एक्सफॅट डिस्कवर ही सोय चालत नाही.

संगणकाच्या जगात ३-२-१ असा एक नियम सांगतात : एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातील एक दुसऱ्या ठिकाणी. हिंगणघाटमधील स्टुडिओसाठी याचा अर्थ दुकानातील संगणक, घरची बाहेरची डिस्क आणि दूरच्या शहरातील सर्व्हर असा होऊ शकतो.

प्रत बरोबर आहे हे कसे कळते?

भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे काम १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू करणारे विल्यम लॅम्बटन जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट येथे वारले. त्यांची कबर इथेच आहे. त्यांच्या पद्धतीत त्रिकोणांचे गणित मांडून अंतर काढत, पण काही अंतरावर एक रेषा जमिनीवर पुन्हा प्रत्यक्ष मोजून ते गणित तपासत. प्रतींनाही अशी तपासणी लागते.

"आरसिंक -एव्हीएनसी फोटो/ प्रत/" ही कमांड आकार आणि वेळेवर विसंबत नाही. ती दोन्हीकडच्या फाइल्स आतून वाचून तुलना करते आणि "एन" असल्यामुळे काहीच बदलत नाही. तिला वेळ लागतो, म्हणून महिन्यातून एकदा रात्री चालवली तरी पुरे. त्याच दिवशी प्रतीतील एखादा जुना फोटो दुसऱ्या संगणकावर परत आणून उघडून पाहावा. तो उघडला, तरच प्रत कामाची आहे असे म्हणता येते.