काळ्या धुराचा हिशेब

कोकण रेल्वेचा सलग मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. कणकवली-कुडाळहून गाडी निघताना डिझेल इंजिनातून उठणारा काळा लोट ताकदीची खूण वाटे. प्रत्यक्षात ते अर्धवट जळलेले डिझेल होते.

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली पेटंट घेतलेला टर्बोचार्जर धुराच्याच जोरावर फिरून इंजिनाला जादा हवा पुरवतो. पण त्याला वेग घ्यायला वेळ लागतो. इंधन मात्र तत्काळ पोहोचते. म्हणून हवेचा दाब वाढेल त्या बेतानेच डिझेल सोडावे लागते.

२०२२ मध्ये मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले. मालवणच्या ट्रॉलरवर मात्र डिझेल अजून जळते, आणि तिथे काळ्या धुराची किंमत मासळीच्या कमाईतून जाते.