कंपाचा अर्थ कोण ठरवितो?

गाताना स्वर कापला, की कधी आपण त्यास गमक म्हणतो, कधी गळ्याचा दोष. हा निवाडा कोण करतो? त्याचे उत्तर सुमारे आठशे वर्षांपूर्वी आपल्याच महाराष्ट्रात, देवगिरीस दिले गेले आहे.

यादव राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव हिशेबखात्याचा अधिकारी होता. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. तेराव्या शतकात त्याने ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ रचला. त्यात गमकाचे पंधरा प्रकार सांगितले असून काहींची मापेही दिली आहेत: तिरिपाचा वेग द्रुत या कालमानाच्या पाव हिश्श्याचा, स्फुरिताचा तिसऱ्या हिश्श्याचा, कंपिताचा निम्म्याचा. हिशेबनिसास शोभेल असेच हे काम! परंतु मूळ व्याख्येत माप नाही. ऐकणाऱ्याच्या चित्तास सुख देणारा स्वराचा कंप तो गमक, असे तो म्हणतो. श्रोता व्याख्येतच येऊन बसला आहे.

हे सूत्र घेऊन आपण मुंबईच्या उपनगरातील गोराईस जाऊ. वसई-साष्टीचा हा किनारा १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होता; १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत तो मराठ्यांनी घेतला. त्या दोन शतकांत चर्चबरोबर युरोपीय संगीत इकडे आले. त्यातील ट्रिल म्हणजे लगतच्या दोन सुरांमधील वेगवान ये-जा. गमकाहून तिची घडण निराळी, कारण तिला घडविणारा कान निराळा.

बोलण्यातही तेच. ‘र’ म्हणताना जिभेचे टोक थरथरते. गोराईच्या पश्चिमेस दर्या आहे, सह्याद्रीत दऱ्या आहेत. पहिल्या शब्दात ‘द’वर आघात येतो, दुसऱ्यात येत नाही. एवढ्यावरून मराठी कान समुद्र आणि डोंगर वेगळे ओळखतो.

खाडीकाठच्या तिवरांत खंड्या असतो. विणीच्या दिवसांत उंच, उघड्या जागी बसून तो लांब, थरथरती साद घालतो. आपणांस ती वसंताची शोभा वाटते. दुसऱ्या नरास ती हद्दीची ताकीद असते आणि मादीस आमंत्रण.

शार्ङ्गदेवाची पंधरा नावे ग्रंथात सुरक्षित आहेत. परंतु त्यांतील कित्येक गमक प्रत्यक्षात कसे ऐकू येत, हे आज खात्रीने सांगता येत नाही. ग्रंथ टिकला, त्यांना ओळखणारा कान मात्र मध्येच खंडित झाला. म्हणून गायकांइतकीच श्रोत्यांचीही परंपरा राखली पाहिजे. मुलांना मैफलीस न्यावे, आजीची बोली ऐकवावी आणि खाडीकाठची तिवरे तुटू देऊ नयेत, एवढीच आमची विनंती आहे.